प्लास्टर मारण्याआधी काटा बघा

"दादा, उद्या प्लास्टरवाले येतायत. प्लंबर म्हणतो लाइन टाकून झाली, टेस्टिंगची काही गरज नाही, वीस वर्षांत माझा एक जॉइंट गळला नाही. मारू ना प्लास्टर?"

मामेभाऊ कोरेगावला बंगला बांधत होता, तेव्हाचा हा फोन. आठ वर्षं झाली त्याला. मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर, त्यामुळे नात्यात कुणीही घर बांधायला काढलं की असे फोन मला येतातच. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "प्लास्टरवाल्यांना दोन दिवस पुढं ढकल. मी पंप घेऊन येतो."

पंप कशाला आणि दोन दिवसांत असं काय होणार होतं, ते पुढं येईलच. घर बांधणारी माणसं एरवी फार जागरूक असतात. सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचतात, सळई मोजून घेतात, स्लॅबच्या दिवशी नारळ फोडून पेढे वाटतात. भिंतीच्या पोटात जाणारे पाइप मात्र कुणीच बघत नाही. मग दिवाळीत वास्तुशांत झालेल्या घरात पुढच्या जूनपर्यंत हॉलच्या छताला पिवळा डाग पडतो आणि तो "पावसाचा असेल" म्हणत सगळे गप्प बसतात. ऑक्टोबरात पाऊस संपतो, डाग तसाच राहतो, आणि तेव्हा कळतं की पाणी आभाळातून आलेलं नव्हतं.

भिंतीआडचं काम

विटांच्या भिंती उभ्या राहिल्या की प्लंबर कटर मशीननं भिंतीत झिऱ्या, म्हणजे लांब खाचा, मारतो. त्या झिऱ्यांत पाण्याचे पाइप बसतात. बाथरूमच्या जमिनीखालून सांडपाण्याचे पाइप जातात. नळ, शॉवर, कमोड, बेसिन यातलं अजून काहीच लागलेलं नसतं, नुसती पाइपांची तोंडं बाहेर डोकावत असतात. आपल्याकडे याला कन्सील्ड लाइन म्हणतात, अमेरिकेत रफ-इन. मी इथं भिंतीआडचं काम म्हणेन. यावर प्लास्टर चढलं, वर टाइल बसली, की हे काम पुन्हा फक्त छिन्नी-हातोड्यानंच दिसतं.

सगळं समजायला एकच फरक लक्षात ठेवला तरी पुरतो. घरात येणारं पाणी ढकललेलं असतं, घराबाहेर जाणारं पाणी उतारानं चालत जातं. येणाऱ्या पाण्याच्या मागं टाकीच्या उंचीचा किंवा पंपाचा जोर असतो, त्यामुळे केसाएवढ्या फटीतूनही ते चोवीस तास बाहेर पडत राहतं. जाणाऱ्या पाण्यामागं कुणाचा जोर नसतो. त्याला नीट वाट आणि थोडी हवा लागते. म्हणून दोघांची तपासणी वेगवेगळी. एकाला दाब देऊन बघायचं, दुसऱ्याला पाणी भरून.

पूर्वी कुठं होते हे लाड?

हा प्रश्न घरातले वडीलधारे हमखास विचारतात, आणि त्यांचं चूक नाही. आमच्या आजोळच्या घरात मोरी होती. मोरीतलं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट परसात, तिथं अळू आणि कर्दळ. संडास घरापासून लांब. नळ आला तोही जी.आय.च्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपनं, भिंतीवरून, क्लॅम्प मारून. आट्यांना सफेदा आणि ताग गुंडाळलेला. गळायला लागला की थेंब डोळ्यांसमोर पडायचा, खाली बादली ठेवायची, प्लंबरला निरोप धाडायचा.

म्हणजे त्या घरांची तपासणी रोजच होत होती, आपोआप. आपण पाइप भिंतीत घातले, मोरी बेडरूमला चिकटवली, एकावर एक चार मजले न्हाणीघरं रचली. दिसायला छान झालं, पण गळती डोळ्याआड गेली. मिनिटाला एक थेंब गळतोय असं धरा. दिवसाला साधारण ७० मिलिलिटर होतं, जेमतेम अर्धा कप. वर्षाला मात्र २५ लिटर, म्हणजे दोन घागरी, आणि त्या ओतल्या जातात तुमच्या विटांत.

सरकारी माणूस तपासायला येत नाही का?

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये नवं घर घेतलेला कुणी नातेवाईक असेल तर त्याला विचारा. तिकडे बहुतेक ठिकाणी शहराचा किंवा काउंटीचा इन्स्पेक्टर येऊन भिंतीआडचं काम पास करत नाही, तोवर भिंत झाकता येत नाही. सांडपाण्याचे पाइप खालून बंद करून वर साधारण १० फूट पाण्याचा स्तंभ उभा राहील असे भरायचे आणि १५ मिनिटं पातळी हलता कामा नये, असा तिथल्या एका प्रचलित संहितेचा नियम आहे. तिकडच्या भिंतींतल्या लाकडी खांबाच्या कडेजवळून पाइप गेला असेल तर त्यावर लोखंडी पट्टी ठोकावी लागते, पुढं कुणी खिळा मारला तर पाइप वाचावा म्हणून.

आपल्याकडे संहिता नाही असं नाही. २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडचा नववा भाग प्लंबिंगवर आहे, पाइपांची भारतीय मानकं आहेत. महाराष्ट्रात बांधकाम परवानगीनंतर जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी होते आणि सगळं संपलं की भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. मुंबईसारख्या ठिकाणी परवानाधारक प्लंबरमार्फत ड्रेनेज पूर्ण झाल्याचा दाखलाही घ्यावा लागतो. पण जोतं ते भोगवटा या मधल्या काळात तुमच्या बाथरूमची उघडी भिंत बघायला कुणी येईल, अशी वाट बघू नका. तिथला इन्स्पेक्टर तुम्ही. आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर नेमला असेल तर त्याच्या कामात हे लेखी घाला. नेमला नसेल तर एक सुट्टी काढा.

काटा दहावर

आता तो पंप. हातानं हापसायचा छोटा पंप असतो, पत्र्याच्या डब्यावर बसवलेला, शेजारी दाब दाखवणारा घड्याळासारखा गेज. साइटवर मागितला की मिळतो, भाड्यानंही मिळतो. पाइपांची सगळी तोंडं प्लग लावून बंद करायची. गिझरच्या जागी गरम आणि गार लाइनची तोंडं एका लवचिक नळीनं जोडायची, म्हणजे दोन्ही लाइनी एकदम तपासून होतात. मग पाणी भरायचं आणि सगळ्यात वरचा प्लग सैल ठेवून आतली हवा आधी बाहेर घालवायची. हवा राहिली की काटा भरवशाचा राहत नाही.

दाब मोजायचं माप साइटवर 'किलो' म्हणतात. एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक किलो वजनाचा जोर, म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. लाइन टेस्ट करायची ती १० किलोला. जॉइंट पुरते वाळलेले हवेत, म्हणजे शेवटचा जॉइंट मारून एक दिवस गेलेला असावा.

कोरेगावला आम्ही सकाळी साडेनऊला काटा दहावर नेला. प्लास्टिकचा पाइप दाबाखाली थोडा ताणतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत काटा जरा उतरला. ते चालतं. पुन्हा दहावर आणून मी गेजच्या काचेवर मार्करनं रेघ मारली. प्लंबर म्हणाला, "साहेब, चला चहा घेऊन येऊ, काटा कुठं पळतोय?"

काटा पळाला होता. परत आलो तर सहावर.

आता अख्ख्या घरात शोधायचं कुठं? भिंत तर कोरडी दिसत होती. प्लंबर खरा कारागीर. त्यानं वाद घातला नाही. वर्तमानपत्राचा कागद फाडून प्रत्येक जॉइंटभोवती फिरवायला लागला. वरच्या बाथरूमात, गिझरच्या लाइनच्या एल्बोला, म्हणजे काटकोनात वळणाऱ्या जोडतुकड्याला, कागद ओला झाला. एल्बो कापून काढला तर चूक स्पष्ट दिसली. पाइपच्या पुढच्या बाजूला सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंद, लागलेलं, मागच्या बाजूला नाही. ती बाजू भिंतीकडं होती, झिरी अरुंद होती, ब्रश मागं पोचलाच नव्हता. वीस वर्षांचा अनुभव खोटा नव्हता. फक्त त्या एका ठिकाणी हात वळला नव्हता.

नवा एल्बो लावला, एक दिवस वाळू दिला, पुन्हा दहा किलो. दोन तास काटा रेघेवर. मामेभावाचे दोन दिवस गेले ते एवढ्याचसाठी.

टाकीचं पाणी सोडून बघितलं की झालं ना?

बहुतेक प्लंबर हेच करतात, आणि इथंच फसगत होते. गच्चीवरच्या टाकीतून वरच्या मजल्याच्या शॉवरला जेमतेम पाव किलो दाब मिळतो. खालच्या मजल्यावर अर्धा-पाऊण किलो. एवढ्या दाबाला सोल्युशन अजिबात न लावता नुसता दाबून बसवलेला जॉइंटही महिनोन्‌महिने टिकू शकतो. मग एखाद्या वर्षानं तुम्ही शॉवरला जोर नाही म्हणून प्रेशर पंप बसवता. एका रात्रीत लाइनमधला दाब दोन-तीन किलोवर जातो, आणि तो जॉइंट त्या दिवशी सुटतो. शिव्या पंपवाल्याला बसतात.

शिवाय गरम पाणी. आता घराघरात सीपीव्हीसी असतो, तो पिवळसर प्लास्टिकचा गरम पाणी सोसणारा पाइप. गारव्यात तो जेवढा दाब सोसतो त्याच्या पावपटच ८२ अंश सेल्सियसला सोसतो. चांगल्या पाइपच्या हिशेबात हे धरलेलं असतं, अर्धवट चिकटलेल्या जॉइंटच्या हिशेबात नसतं.

"कॉम्प्रेसरनं हवा भरून तपासू, लवकर होईल" असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. पाणी दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पाइप फुटला तर थोडं पाणी उडतं आणि दाब संपतो. हवा दाबली की स्प्रिंगसारखी आवळून बसते. तेव्हा पाइप फुटला की प्लास्टिकचे तुकडे गोळीसारखे येतात. पाण्यानं भरलेली पिशवी फुटणं आणि फुगा फुटणं, एवढा फरक.

आणखी एक सवय मी सगळ्यांना लावायला बघतो. टेस्ट झाली म्हणून लाइन रिकामी करू नका. पाच-सहा किलोवर ठेवून प्लास्टर आणि टाइल होईपर्यंत गेज तसाच राहू द्या. मधे कुणा बिगाऱ्याची छिन्नी पाइपला लागली तर काटा त्याच दिवशी सांगेल. रात्रीच्या गारव्यानं काटा किंचित उतरतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

अर्ध्या इंचाची चूक

गळतीचं एक कारण असं आहे की ज्यात पाइप, सोल्युशन, प्लंबर कुणाचाच दोष नसतो. विटेवर प्लास्टर चढतं, त्यावर टाइलचा मसाला, त्यावर टाइल. मिळून इंच-दीड इंच. नळाचं तोंड या सगळ्यानंतरच्या टाइलच्या पृष्ठभागाशी बरोबर यायला हवं. प्लंबर मात्र काम करतो उघड्या विटेसमोर. अंदाज चुकला की तोंड टाइलच्या आत राहतं, मग नळ लावताना पितळी एक्स्टेन्शन घालून ते पुढं आणतात. म्हणजे टाइलच्या मागं आणखी एक आटा आला, जो टेस्टच्या वेळी नव्हताच. नव्या बाथरूममध्ये नळामागच्या गोल चकतीभोवतीची टाइल सारखी ओली दिसत असेल तर मी आधी त्या एक्स्टेन्शनवर संशय घेतो.

उपाय सोपा. प्लंबर यायच्या आधी प्रत्येक भिंतीवर प्लास्टरचे ठिय्ये, म्हणजे जाडी ठरवणारे छोटे ठोकळे, मारून घ्यायचे, वर टाइलचा एक तुकडा धरायचा, आणि तोंड त्याला लावून बघायचं. कमोड तर आधी विकतच घ्यावा, निदान त्याचा नकाशा आणावा. मागच्या भिंतीपासून ट्रॅपचा, म्हणजे कमोडखालच्या वळणदार पाइपचा, मध्य किती अंतरावर हवा ते मॉडेलप्रमाणं बदलतं. इथंही अंतर मोजायचं ते टाइलपासून, विटेपासून नाही.

जाणाऱ्या पाण्याचा पाट

आता सांडपाणी. शेतात पाट काढणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाटाला उतार कमी पडला की गाळ बसतो, फार झाला की पाणी माती कापत धावतं. सांडपाण्याच्या पाइपचं तेच आहे. जुना ठोकताळा असा: ४ इंची पाइपला ४० ला १ उतार, ६ इंचीला ६० ला १. म्हणजे ४ इंची पाइप १० फूट लांब जात असेल तर तेवढ्यात ३ इंच खाली उतरला पाहिजे. "उतार जेवढा जास्त तेवढा चांगला" असं नाही. फार उतारात पाणी पुढं पळतं आणि मैला मागं राहतो.

लेव्हल ट्यूबनं किंवा लांब लेव्हल पट्टीनं हे पाच मिनिटांत बघता येतं. नुसती दोन टोकं बघू नका. मधे पाइपला पोट आलेलं असतं, खाली विटेचा तुकडा टेकवायचा राहिलेला असतो, आणि तिथं पाणी कायमचं साठतं. पाइप सरळ आहे का हे बघायची जुनी पद्धत मला फार आवडते. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला आरसा. आरशात उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर पाइप सरळ आणि मोकळा. अर्धं दिसलं तर मधे पोट आहे किंवा सिमेंट पडलंय. आपल्या हातात आता मोबाइलची टॉर्च आहेच. चेंबर ते चेंबर लाइनसाठी चेंडूची चाचणीही असते. पाइपच्या पोकळीपेक्षा १३ मिलिमीटर कमी व्यासाचा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडायचा, तो आपोआप गडगडत खालच्या टोकाला आला पाहिजे.

त्यानंतर खालचं तोंड प्लगनं बंद करून पाइप वरपर्यंत पाण्यानं भरायचा, पातळीला खूण करायची आणि थांबायचं. इथं दहा किलोची गरज नाही. या पाइपला आयुष्यात तेवढा दाब येणारच नसतो, आणि दिलात तर फुटेल.

पाइप विकत घेताना त्यावर छापलेलं वाचा. सांडपाण्याच्या पाइपवर आयएस १३५९२ आणि 'टाइप ए' किंवा 'टाइप बी' असं असतं. ए हा पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपला, बी हा संडास-बाथरूमच्या सांडपाण्याला. ए पातळ, म्हणून स्वस्त. तो भिंतीआड गेल्यावर कुणाला दिसतो? मी ठेकेदार असतो तर मलाही मोह झाला असता.

वास, गुडगुड आणि नहाणी ट्रॅप

नहाणी ट्रॅप हा शब्द देशभरच्या दुकानदारांच्या तोंडी आहे, आणि तो आपल्या न्हाणीचाच नातलग. जाळीखाली वाटीसारखा भाग असतो, त्यात कायम थोडं पाणी राहतं. हे पाणी म्हणजे बूच. खालच्या ड्रेनेजची घाण हवा आणि झुरळं त्याला ओलांडून वर येत नाहीत. या पाण्याची खोली निदान ५० मिलिमीटर हवी. बाजारात उथळ ट्रॅपही मिळतात. पट्टी घालून मोजा. महिनाभर गावाला जाऊन आलं की बाथरूममध्ये वास येतो तो हे बूच वाळल्यामुळे. एक तांब्या पाणी ओतलं की संपलं.

हे नुसतं वासापुरतं नाही. २००३ साली हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ पसरली आणि ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. चौकशीत पुढं आलेल्या कारणांत मोठं कारण होतं बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप. एक्झॉस्ट फॅन सुरू केला की ड्रेनेजमधली दूषित हवा थेट घरात ओढली जायची.

बूच वाळतं तसं ओढलंही जातं. वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या बेसिनमध्ये गुडगुड होतं, ऐकलं असेल. तेलाच्या १५ किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं. दुसरं भोक पाडलं की धार सरळ. ड्रेनेजच्या उभ्या पाइपचं गच्चीच्या वर गेलेलं उघडं तोंड म्हणजे ते दुसरं भोक. ते नसलं की वरून पडणारं पाणी जवळच्या ट्रॅपमधून हवा ओढून घेतं आणि बूचही त्याबरोबर जातं. गच्चीवर तो पाइप दिसायला वाईट दिसतो म्हणून कापून टोपी घालणारे लोक मी पाहिलेत. मग खाली अत्तराच्या वड्या टांगतात.

संकन स्लॅब: तीन दिवस तळं

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा स्लॅब बाकीच्या स्लॅबपेक्षा फूटभर खाली घेतात. त्या खड्ड्याला संकन म्हणतात. त्यात सांडपाण्याचे पाइप जातात, वर विटांचे तुकडे आणि कोबा भरून जमीन सपाट होते. रचना सोयीची, पण एक खोट आहे. आत कुठं गळलं तर हा खड्डा पातेल्यासारखा भरतो आणि पाणी पुढं महिनाभर हळूहळू खाली उतरत राहतं. डाग पडतो तो गळक्या जागेखाली नाही, तर जिथून वाट मिळेल तिथं. म्हणून डागाच्या वरची टाइल फोडून काही सापडत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी स्लॅबला भोकं पाडून पाइप आरपार घालायचे आणि भोवतीची फट ग्राउटनं, म्हणजे फटी बुजवायच्या सिमेंटच्या मसाल्यानं, घट्ट भरायची. बरीच गळती या फटीतून होते. मग वॉटरप्रूफिंग, तेही भिंतीवर फूटभर चढवून. मग तोंडं बंद करून तीन-चार इंच पाणी भरायचं आणि ४८ तास, जमलं तर ७२ तास, तसंच ठेवायचं. पातळीची खूण करायची, खालच्या खोलीत जाऊन छताला हात लावून बघायचं. हवेत थोडं पाणी उडतं, म्हणून शेजारी त्याच उंचीपर्यंत पाणी भरून एक बादली ठेवली की तुलना होते. हे झाल्यावर भराव, आणि भरावावरच्या वॉटरप्रूफिंगनंतर पुन्हा एकदा तळं.

"दोनदा कशाला?" असं मामेभाऊही म्हणाला होता. पहिलं तळं स्लॅबची परीक्षा घेतं, दुसरं वरच्या थराची. मधे बिगारी विटांचे तुकडे टोपलीनं ओततात आणि नुकताच केलेला वॉटरप्रूफिंगचा थर त्या कडांनी फाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. संकनच्या तळाशी एक छोटा पाइप बाहेर काढून ठेवला तर आणखी बरं. उद्या आत पाणी साठलंच तर ते तिथून टपकून चुगली करेल.

हल्ली बऱ्याच इमारतींत संकन न करता पाइप स्लॅबच्या खालून, फॉल्स सीलिंगच्या आतून नेतात. स्वतःच्या बंगल्यात मला हेच आवडतं, कारण खालची खोलीही आपलीच असते. फ्लॅटमध्ये मात्र तुमचा पाइप खालच्यांच्या बाथरूमच्या डोक्यावर, आणि दुरुस्तीला त्यांची परवानगी. दोन घरांत बोलणं बंद असेल तर प्लंबर दारातच उभा.

फ्लॅट घेतोय, आम्हाला कोण भिंत उघडी दाखवणार?

बांधकाम चालू असताना बुकिंग केलं असेल तर लेखी विनंती करून टेस्टच्या दिवशी येऊ द्या म्हणा. नाही म्हणाले तर निदान टेस्टचा रेकॉर्ड मागा. बरे बिल्डर तारीख, दाब, वेळ आणि सही असलेला कागद ठेवतात.

ताबा मिळाल्यावर कायद्याचा आधार आहे. घर खरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या कारागिरीतला किंवा सेवांमधला दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. म्हणून पहिला डाग दिसला की तोंडी सांगू नका, तारखेसकट लेखी कळवा. आणि मधल्या काळात भिंती फोडून जकुझी बसवू नका, मग दोष कुणाचा यावर वाद सुरू होतो. पाच वर्षं उलटल्यावर संडास, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च, सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, त्या सभासदाचा. गच्चीची गळती सोसायटीची. स्वतः ठेकेदार नेमून बांधलेल्या घराला रेराचं हे छत्र नाही. तिथं तुमचा करारनामाच काय तो. त्यात एकच ओळ घाला: प्लंबिंगचा हप्ता लाइनची दाब-चाचणी आणि संकनची पाणी-चाचणी मालकासमोर झाल्यावर. ही ओळ घातली की टेस्टची आठवण करून द्यावी लागत नाही, ठेकेदारच फोन करतो.

टेप धरून फोटो

कोरेगावला काटा दोन तास रेघेवर राहिला, तेव्हा प्लास्टरवाल्यांना हाक मारायच्या आधी आम्ही आणखी एक काम केलं. प्रत्येक बाथरूमच्या चारही भिंतींचे फोटो काढले, पाइपाशेजारी मेजरिंग टेप धरून. एक फोटो जमिनीपासूनची उंची दाखवणारा, एक कोपऱ्यापासूनचं अंतर दाखवणारा. वहिनी टेप धरत होत्या, मी काढत होतो. प्लंबर हसत होता, "लग्नाचा अल्बम करताय का साहेब?"

गेल्या महिन्यात मामीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कमोडशेजारी उठायला धरायचं हँडल बसवायचं होतं. मामेभावानं ड्रिलवाल्याला थांबवून मला फोन केला, आणि दोघांनी तो आठ वर्षांपूर्वीचा फोटो उघडला. हँडलची वरची दोन भोकं ज्या ओळीत येत होती तिथंच गरम पाण्याची लाइन वर जात होती, कोपऱ्यापासून ९ इंचांवर. हँडल ४ इंच उजवीकडं सरकवलं. ड्रिलमधून लाल विटेचा भुगा आला, कोरडा.